उतारावर इंजिन बंद करणाऱ्या मित्रास

काशिनाथ, गावानं ठरवून टाकलंय की तुला धुक्यानं नेलं. गिरणीत, पारावर, तुझ्या दारात बसायला आलेल्या बायकांत, सगळीकडं धुक्याचंच बोलणं. मांजरेच्या पुलाकडं त्या दिवशी स्वतःचा हात दिसत नव्हता, असं ती माणसंही सांगतात जी तेव्हा अंथरुणात होती. ज्यांचं धुक्यावर भागत नाही ते माझं नाव घेतात. गाडी दिगंबरनं आणून दिली होती. गुलबर्ग्याहून दोन जुन्या आणल्या, चांगली स्वतःला ठेवली आणि खटारा दोस्ताच्या गळ्यात बांधला.

खरं काय ते तुला माहीत आहे. चांगली तुला दिली होती. पण हे सांगायला आता तू नाहीस, आणि दलालाच्या तोंडचं खरं मानायचं नाही हे आपल्याकडं पोराला चालायच्या आधी शिकवतात. माझं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं, उरलेलं भालकीच्या दुकानात जुन्या मोटारसायकली घेण्या-विकण्यात चाललंय. माझ्या शब्दाला बाजाराबाहेर कोण विचारतो?

तरी एक गोष्ट मला माहीत आहे जी गावाला माहीत नाही. तुझ्या गाडीची किल्ली बंद होती.

मी पोचलो तेव्हा तुला एका जीपमध्ये घालून नेलं होतं. गाडी तिथंच होती, उसानं भरलेल्या बैलगाडीच्या मागं तोंड खुपसून पडलेली. दोन्ही कॅन उघडे पडले होते. दूध उतारानं खाली गेलं होतं आणि डांबरावरच्या दवात मिसळून पातळ झालं होतं. गाडीवान म्हातारा होता. चाकाची खीळ निघाली म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली होती, चाकाला दगड लावले होते, बैल सोडून बाजूला बांधले होते. पाचट पेटवून तो जाळापुढं बसला होता, पण शेकत नव्हता. नुसता बसला होता. मी त्याच्यावर धावून गेलो. मी कसा धावून जातो ते तुला ठाऊक आहे. तो उठलाही नाही. म्हणाला, "मालक, फटफटीचा आवाज आला की मी कंदील हालवायलोय. मघापासून किती तरी गेल्या, सगळ्यांना हालवला. ह्या एकाचा आवाजच आला न्हाई."

मी वळलो आणि गाडीपाशी बसलो. सिलिंडरवर तळवा ठेवला, तू ठेवायचास तसा. अजून कोमट होता. मग किल्ली चाचपली. बंद. आपटून फिरेल अशी ती किल्ली नाही, अंगठा आणि बोट लावून फिरवावी लागते. कुणी फिरवली हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

गुलबर्ग्याचा तो दिवस आठव. गॅरेजमध्ये दोन्ही शेजारी उभ्या होत्या, टू-स्ट्रोक, पेट्रोलातच तेल घालायच्या, एकाच रंगाच्या. तू तोपर्यंत सायकलला कॅन बांधून दूध घालणारा माणूस. तू गाडीभोवती फिरलास, सीटवर थाप मारलीस आणि वाकून चाकांकडं असं बघितलंस जसे बैलाचे खूर बघतात. गॅरेजवाला गालात हसला. मी मुद्दाम गप्प राहिलो. गिऱ्हाईक अडाणी दिसलं की विकणारा सैल सुटतो, आणि मला तो सैल सुटलेलाच हवा होता. दुपार होईपर्यंत मी त्याला घासला. सौदा तुटला, जुळला, परत तुटला. शेवटी ठरलं, तरी मी उठेना. तो वैतागला. "अब क्या मेरी चमडी लेते?"

"चमडी नक्को," मी म्हणालो, "वो दस्ताने देव."

खुंटीवर त्याचे चामड्याचे जुने हातमोजे लटकत होते. एकच जोड. बाहेर आल्यावर आपण वाटून घेतला. मूठ पिळायचा हात म्हणून उजवा तू घेतलास, डावा मला दिलास. "दिग्या, तुझ्यासंगं बाजार केला की माणूस अर्धाच उघडा पडतो," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्रं लावली. तुला कन्नड मिळालं, मला मराठी. तू ते पोटापर्यंत नीट पसरलंस आणि म्हणालास, "आता सीमावाद छातीवर घेऊनच चाललाव बघ." कमलापूरच्या पुढं हात बधिर झाले म्हणून एका जाळापाशी थांबलो. बराच वेळ शेकलो. तोवर गाड्या पार गार पडल्या. निघताना तू किक मारलीस आणि लगेच मूठ पिळून सुसाट सुटलास. फर्लांगभर गेला असशील, तेवढ्यात आतून किंचाळल्यासारखा आवाज आला, मागचं चाक जाग्यावर धरलं आणि गाडी रस्त्यावर आडवी घसरत गेली. तुझा डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून तू वाचलास.

पिस्टन धरला होता. थंडीत सिलिंडर बाहेरून गार राहतो, आतला पिस्टन आधी तापून फुगतो, पेट्रोलातलं तेल अजून सगळीकडं पोचलेलं नसतं. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. गॅरेजवाल्याकडून मी हातमोजे काढून घेतले आणि त्यानं ही एक गोष्ट ठेवून घेतली. इंजिन सुटं व्हायची वाट बघत आपण तुरीच्या रानात बसलो. रानवाल्यानं ओल्या शेंगा भाजून दिल्या. तू शेंगा सोलत एकटक गाडीकडं बघत होतास.

"दिग्या, हे जनावरच हाय की. उठल्या उठल्या पळवलं की बसतंय."

त्या एका वाक्यानं तू शहाणा झालास. आणि मला आता वाटतं, त्याच वाक्यात पुढचं सगळं होतं.

कारण तिथून पुढं तुझ्यासारखी गाडी आपल्या भागात कुणी सांभाळली नाही. पंपावरची पोरं आधी टाकीत तेल ओतायची आणि वर पेट्रोल. हिवाळ्यात ते घट्ट तेल तळाला बसून राहायचं, पहिल्या मैलात प्लग काळा करायचं आणि पुढं नुसतं कोरडं पेट्रोल जायचं. तू पंपावर ओतू देत नव्हतास. घरून डबा न्यायचास, त्यात दोन्ही घालून ताक घुसळल्यासारखं हालवायचास आणि मगच टाकीत. मुक्कामाला आलास की आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचास आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं जळून इंजिन आपसूक थांबेपर्यंत उभा राहायचास. सकाळी चोक ओढून किक, मग मूठ न पिळता नुसतं धकधकत ठेवायचं. लोक हसायचे. तू सिलिंडरच्या बाजूला तळवा धरून उभा, आजारी बैलाचा कान चाचपावा तसा. ऊब हाताला लागली की म्हणायचास, "झालं. आता चल म्हणतंय."

माझ्याशीही तू असाच वागलास, हे मी तुला कधी बोललो नाही. एका हिवाळ्यात पुलाच्या अलीकडं माझी बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबलाय का नुसता धरलाय तेच कळेना. मी सायलेन्सरला हात लावायला निघालो. तू ओरडलास, "भाजंल अन् तुला कळायचं बी न्हाई!" मग माझे दोन्ही हात ओढून तुझ्या दुधाच्या कॅनला लावलेस. नुकतं काढलेलं दूध, कॅन बाहेरून कोमट. मी तसाच कॅनला मिठी मारून उभा होतो, आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, "बघा, सौदागर दुधाची परीक्षा करायलाय." तेव्हा मला राग आला होता. माझा राग तुला खेळण्यासारखा होता, काशिनाथ. तू तो काढून बघायचास, चालतोय का.

पण उताराचं मी कधी हसण्यावारी नेलं नाही, आणि तू तेच नेलंस.

आपल्या गावावरून भालकीला जाताना माळावर तो लांबलचक चढ. दोन भरलेले कॅन घेऊन गाडी तिथं कण्हते. वर पोचलं की समोर उतार, थेट नदीच्या पुलापर्यंत. तू वर आलास की किल्ली फिरवायचास. एकदम सामसूम. गाडी आपल्या वजनानं खाली सुटायची आणि तू तोंडाला बांधलेल्या टॉवेलच्या आतून गुणगुणत असायचास. मला पहिल्यांदा वाटलं पेट्रोल वाचवतोयस. बाकीचे दूधवाले त्यासाठीच करतात, तुझं बघून शिकलेले. पण तुझं कारण वेगळं होतं.

"चढ चढून आलंय रे. दम खाऊ दे त्याला."

"ते इंजिन हाय, काशा. बैल न्हाई."

"ऐक की, कसं धापा टाकायलंय. बैलाला चढ चढला की उभं करतोस का न्हाई? जू ढिलं करतोस का न्हाई?"

"उभं करतो. उभं! बैल सोडून भरली गाडी उतारावर एकटी सोडतो का मी?"

उत्तर नसलं की तू हसायचास. मी तुला शंभरदा समजावलं असेल. ह्या गाडीचा दिवा इंजिनावर चालतो, बॅटरी नावाला आहे. इंजिन बंद की दिवा गेला. आवाजही गेला. थंडीत पहाटेचं दव ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं, पहिल्या दाबाला ब्रेक धरत नाही, आधी चालता चालता हलके दाबून वाळवावे लागतात. साखर कारखाना सुरू झाल्यापासून त्या उतारावर उसाच्या गाड्यांची रांग, गाड्यांना मागं दिवा नाही, रस्त्यावर पाचट सांडलेलं, ओलं, शेवाळासारखं निसरडं. धुक्यात तुला कुणी बघू शकत नाही, ऐकू तरी येऊ दे. मी म्हणायचो, गिअरमध्ये ठेव, मूठ थोडी थोडी उघडत राहा, म्हणजे तेलही आत जात राहील, दिवाही राहील आणि उताराला इंजिनच धरून ठेवील. तू सगळं ऐकायचास, मान हलवायचास. दुसऱ्या दिवशी वर आलं की किल्ली.

माझी अजून एक गोष्ट तुझ्याकडं राहिलेली आहे, आणि ती मी मेलेल्या माणसावर दया म्हणून सोडून देणार नाही. येळवस, रानातल्या पूजेची अमावास्या, तोंडावर आली होती. भालकीच्या स्टँडजवळ चाचाच्या हॉटेलात आपण सगळे चहाला बसलेलो, दूधवाले, गाडीवान, माझी दोन गिऱ्हाइकं. मी परत उताराचा विषय काढला, जरा चढ्या आवाजात, हे कबूल. तू बशी खाली ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ह्याला लई भ्या वाटतंय हो इंजिन बंद केलं की. आईच्या पोटात असताना बी विचारला असंल, दिवा चालू हाय न्हवं?"

हॉटेल फुटलं. चाचाची किटली हातात हलायली. माझी गिऱ्हाइकं हसली, ज्यांच्याशी मला अर्ध्या तासानं सौदा करायचा होता. हसलेल्या माणसासमोर भाव धरता येत नाही, हे तुला माझ्यासोबत इतकी वर्षं बाजार हिंडून कळायला हवं होतं. मी चहा तसाच ठेवून उठलो. चाचा मागं आला, "अरे सौदागर, दोस्ताँ में गुस्सा नक्को करो." मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

नंतर तू रोज माझ्या दुकानापुढून गेलास. थांबला नाहीस. पण रोज हॉर्न दिलास, एक लांब, दोन आखूड. मी मान वर केली नाही. तो हॉर्न म्हणजे चुकलो म्हणणं होतं का आणखी चिडवणं होतं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आता ते विचारायला कुठं जाऊ? तू थांबायला हवं होतंस. एक मिनिट. गाडी चालूच ठेवून बोलला असतास तरी चाललं असतं.

तेरावं झालं. सुतकात तुझं दूध शेजाऱ्यांनी घातलं. मग कळलं की तुझा मारुती गाडी दुरुस्त करून आणतोय. तुझा धाकटा भाऊ, तुझ्यासारखाच हसतो, तुझ्यासारखाच उजवा खांदा पुढं काढून गाडीवर बसतो. पुढचे दांडे सरळ केले, नवीन चाक घातलं, माझ्या दुकानात न येता दुसरीकडं केलं. तो उतार, ती गाडी, आणि अजून उरलेला हिवाळा पुढं. मला झोप येईना. मी ठरवलं, गाडी परत विकत घ्यायची आणि त्या घरातून न्यायची. घेणं-विकणं एवढंच मला येतं.

तुझ्या घरी गेलो तेव्हा सुमनवैनी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. मारुती अंगणात कॅन घासत होता. मी म्हणालो, गाडी मी ठेवून घेतो, मारुतीला भालकीत दुकानावर काम देतो, दुधासाठी दुसरा माणूस बघू. मला वाटलं मी चांगलं बोलतोय. वैनींनी सगळं ऐकून घेतलं.

"दिगूभावजी, तुम्ही सौदा करायला आलाव का?"

"सौदा कामून म्हणता वैनी? गाडी घरात नको म्हणून आलो."

"गाडीत खोट हाय म्हणून न्यायलाव?"

तिथं माझं डोकं फिरलं. गाव बोलतं ते मी गिळलं होतं, पण तुझ्या उंबऱ्यावरून हे ऐकून मला राहवलं नाही. जे मी इतके दिवस दातांखाली धरून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "गाडीत खोट न्हाई! अन् धुक्यानं बी न्हाई मारलं त्याला. किल्ली बंद होती. मी हात लावून बघितलाय. गाडीवान कंदील घेऊन उभा होता, त्याला आवाज गेला असता तर काशा आज हितं बसून मला हसला असता."

वैनींचा चेहरा बघवेना. त्यांनी धुक्याला दोष देऊन कसंबसं स्वतःला सावरलं होतं, आणि मी तेही काढून घेतलं. त्या हळू म्हणाल्या, "आता कामून सांगायलाव? गेल्या माणसावर अजून एक ओझं टाकायला? का तुमची गाडी खरी ठरवायला?"

दोन्हीपैकी कशासाठी, हे मला तिथं उभं राहून धड सांगता आलं नाही. मी मारुतीकडं वळलो. "ह्याच्यासाठी. हा बी बंद करतो का न्हाई, विचारा ह्याला."

मारुतीनं कॅन खाली ठेवला. "करतो. दादानं शिकवलंय. चढ चढलेल्या गाडीला दम द्यायचा म्हणायचा दादा. रोज करायचा. रोज मेला का?"

काशिनाथ, तुझं उत्तर नसायचं तेव्हा तू हसायचास. त्याच्याकडं उत्तर आहे. आणि त्याच्यासाठी ती आता नुसती सवय राहिलेली नाही. तो उतारावर किल्ली फिरवतो तेव्हा त्याला तू जवळ वाटतोस. त्याच्याकडून ती सवय मी कुठल्या भावानं सोडवून घेऊ?

मी बसून घेतलं. तसं बाजारात करतो, तुटत आलं की उभं राहायचं नाही. म्हणालो, "बरं. गाडी तुमच्याकडंच राहू द्या. दम बी देऊ. पण तुझ्या दादाला मी जे शंभरदा सांगितलं ते तू एकदा ऐक. बैलाला दम द्यायचा तो उभं करून. वर पोचलास की गाडी कडेला घे, बंद कर, चांगला घटकाभर दम दे. मग किक मार, दिवा लाव, अन् चालू गाडीनं खाली उतर. दादाचं बी राहिलं, माझं बी राहिलं."

"तिथं माळावर वारं कसं असतंय म्हाईत हाय का? गार पडलेली गाडी परत लागत न्हाई लवकर."

"लागंल. मी येतो तुझ्या मागं बसून. न्हाई लागली तर किका मी मारतो."

वैनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलल्या. "तुम्ही? मागं बसणार?"

त्यांना माहीत होतं. तुलाही माहीत आहे. मी कुणाच्या मागं कधी बसलो नाही.

आज सकाळी बसलो. मारुतीनं तुझ्यासारखाच तळवा धरून इंजिन तापवलं. त्यात मला खोट काढता आली नाही. वैनी दारातून एवढंच म्हणाल्या, "कान बांधा." दोन्ही गुडघ्यांना कॅन, पुढून येणारं वारं नाकातून सरळ कवटीत जाणारं. मागं बसल्यावर माणसाच्या हातात काहीच नसतं, ना ब्रेक, ना क्लच, ना किल्ली. तू कधी असा बसला असतास तर तुला कळलं असतं, मला काय म्हणायचं होतं ते.

चढ संपला. त्याचा हात हँडलवरून निघाला आणि किल्लीकडं गेला. गाडी अजून चालतच होती. मी त्याच्या कानाजवळ ओरडलो, "उभी! आधी उभी कर!" क्षणभर तो हात तिथंच राहिला. मग त्यानं गाडी कडेला घेतली, पाय टेकले आणि किल्ली फिरवली.

खाली काहीच दिसत नव्हतं. उतार अर्ध्यातच संपलेला, पुढं नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज. म्हणजे गाड्या होत्या. किती आणि कुठं, काही कळत नव्हतं. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. इंजिन थंड होताना टिक् टिक् करत होतं. मारुती त्याच्याकडं बघत म्हणाला, "ऐका, अण्णा. दम टाकायलंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, का वाऱ्यानं आलं होतं. मी ते इंजिन आहे, बैल नाही, असं म्हणालो नाही. आजच्या दिवस मला ते म्हणवलं नाही.

मग गाडी लागेना. त्यानं किका मारल्या, मी मारल्या. प्लग ओला झाला होता. माझी दमछाक बघून तो हसला, "सौदागर, आता तुमालाच दम द्यावा लागंल." मी प्लग काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत बसवला. एकदाची लागली. दिवा लावून, गिअरात, मूठ थोडी थोडी उघडत आम्ही खाली उतरलो. मी त्याच्या खांद्यावरून पुढं बघत होतो. पांढऱ्यातून एक उसाची गाडी एकदम समोर आली, मागं निघालेली उसाची टोकं दिव्यात चमकली, आणि मारुतीनं हँडल वळवलं. ती टोकं माझ्या बाहीला घासून गेली. त्याची मान आखडलेली मला मागून दिसली.

भालकीत दूध उतरवल्यावर मी विचारलं, "जमलं का न्हाई?"

"तुमी मागं बसल्यावर न जमून कसं चालंल?"

"परवा औरादचा बाजार हाय, मला जावं लागतंय. त्या दिवशी एकटा असशील. वर थांबशील न्हवं?"

त्यानं रिकाम्या कॅनचं झाकण दाबून बसवलं. "तिथं वाऱ्यात एकट्यानं उभं राहायचं, परत किका मारायच्या... लई कटाळा येतो अण्णा. बघू."

मी तुझ्याशी कधी विनवणीनं बोललो नाही, काशिनाथ. तुझ्यावर ओरडलो, रुसलो, चहा टाकून उठलो. माझ्या बोलण्यात भाव करण्यासारखं जे काही होतं ते आज माळावर संपलं. मारुती मला मान देतो, पण ऐकतो तुझं. तू गेलास तरी तुझंच ऐकतो, तिथंच सगळी अडचण आहे. म्हणून तुला सांगतोय. परवा तो चढ चढून वर येईल तेव्हा त्याचा हात धर. कसा, ते तू बघ. मी तेव्हा दूर असेन. औरादच्या रस्त्यावरून पुलाकडचं काही ऐकू येत नाही.